मुलांना हातांनी शिकू द्यायचंय? सुरुवात अशी करा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांच्या कलाने, हातांनी काम करत शिकू द्यायचं ठरवलं की नव्या माणसाची बहुतेक वेळा दोनपैकी एक गत होते. एक तर तो लाकडी साहित्य मागवतो, मुलाला समोर बसवतो आणि ‘आता हे कर, आता ते कर’ सुरू होतं. नाहीतर ‘मूल आपलं आपण शिकतं’ एवढंच ऐकून तो सगळं मुलावर सोडून देतो आणि महिन्याभरात खोलीत नुसता पसारा उरतो.

मुख्यतः माँटेसरींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत काय करायचं ते मूल ठरवतं, पण कशातून निवडायचं हे मोठ्या माणसाने आधी नीट विचार करून मांडून ठेवलेलं असतं. मुलाला मोकळं सोडणं वेगळं आणि एकटं सोडणं वेगळं. लुई अल्फिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘स्वतः शोधून शिकणं’ या विषयावरचे १६४ अभ्यास एकत्र तपासले. शिकणाऱ्याला काहीच आधार न देता ‘शोध तू’ म्हणून सोडलं, तर सरळ शिकवण्यापेक्षाही कमी साधतं असं त्यांना दिसलं. पण विचारपूर्वक मांडणी, योग्य वेळी इशारा, चुकलं तर ते कळायची सोय एवढं असलं की तेच शोधणं इतर शिकवण्याच्या पुढे जातं. तुमचं काम या आधाराचं आहे. खालच्या पायऱ्या घरी एका मुलाबरोबर काम करणाऱ्याला चालतील आणि बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईलाही.

पहिली पायरी : काही देण्याआधी बघा

पहिला आठवडा नवीन काहीही आणू नका. एक वही घ्या, रोज अर्धा तास मुलापासून जरा लांब बसा आणि दिसेल ते लिहा. ऐकायला सोपं आहे, करताना फार जड जातं. आपल्या हातांना सतत मदत करायची सवय असते आणि तोंडाला सतत सूचना द्यायची. मुलाने ‘काय करतेस?’ विचारलं, तर ‘मी लिहितेय’ एवढं उत्तर पुरे.

मत लिहू नका, घडलेलं लिहा. ‘चंचल आहे’ या नोंदीचा उद्या काही उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘डब्याचं झाकण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बराच वेळ तेच. मग दुसरं झाकण त्याच डब्यावर बसतंय का पाहिलं. बसलं नाही, म्हणून पहिलं शोधायला गेला.’ ही नोंद तुम्हाला पुढच्या आठवड्याचं काम सांगते. या मुलाला वेगवेगळ्या मापांचे डबे आणि त्यांची झाकणं हवी आहेत. ते तुम्हाला कुठल्याही अभ्यासक्रमात सापडलं नसतं.

मूल कशात रमतं, कुठे अडतं आणि कशामुळे उठून जातं, या तिन्हींवर लक्ष ठेवा. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त निसटते. पुष्कळदा मूल कंटाळून उठत नाही. कोणीतरी हाक मारलेली असते, खुर्ची उंच असते, हवी ती वस्तू हाताला येत नसते.

मुलांच्या कृतींमध्ये काही साचे पुन्हा पुन्हा येतात. इंग्लंडमध्ये ख्रिस अथी यांनी १९७०च्या दशकात लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण करून या साच्यांवर काम केलं. एखादं मूल दिवसभर वस्तू इकडून तिकडे वाहून नेतं. एखादं सगळं कापडात गुंडाळतं, लपवतं, झाकतं. एखादं गोल फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे ओढलं जातं. हाती येईल ते फेकणारं मूल आपल्याला उपद्रवी वाटतं. पण सुटलेली वस्तू कशी जाते, कुठे पडते, याचा त्याला ध्यास लागलेला असू शकतो. त्याला चेंडू द्या, टोपली द्या, उतरती फळी द्या. फेकणं थांबवण्यापेक्षा फेकायला जागा देणं जास्त उपयोगी पडतं, कारण त्या फेकण्यातच त्या दिवसाचं शिक्षण चाललेलं असतं.

दुसरी पायरी : जागा लावा

आता खोलीत गुडघ्यांवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून बघा. काय दिसतं? बहुतेक ठिकाणी टेबलांच्या कडा आणि हात न पोचणारी कपाटं.

रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरांनी आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हा तिथलं साहित्यही कुलूपबंद कपाटात असे. बाई ते काढून वाटत आणि शेवटी परत ठेवत. एक दिवस कपाटाला कुलूप लावायचं राहिलं. बाई उशिरा पोचल्या तर मुलांनी कपाट उघडलेलं, आणि ती आपापल्या पसंतीच्या वस्तू घेत होती. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना त्यात निवड दिसली : मुलांना कुठली वस्तू कुठे असते ते ठाऊक होतं आणि आपल्याला काय हवंय तेही. तेव्हापासून कुलपाची कपाटं गेली आणि मुलांच्या हाताला येणारी उघडी, बुटकी मांडणी आली.

तुम्हीही तेच करा. मुलाच्या छातीच्या वर जाणार नाही असं एक शेल्फ पुरे. त्यावर सुरुवातीला सहा ते आठच कामं ठेवा, प्रत्येक काम स्वतंत्र ट्रेमध्ये किंवा टोपलीत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. जास्त ठेवायचा मोह होईल. तो आवरायला अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८चा अभ्यास लक्षात ठेवा. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

भिंतींचंही तसंच आहे. वर्ग म्हणजे रंगीत तक्ते, झालरी, चित्रं असं आपण धरून चालतो. अना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना भरगच्च सजवलेल्या आणि साध्या खोलीत आळीपाळीने धडे दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि धड्यातलं कमी डोक्यात राहिलं. एक-दोन चांगली चित्रं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, बाकी भिंत मोकळी राहू द्या.

खुर्चीवर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. जमिनीवर काम करायला एक छोटी चटई द्या. ती अंथरली की कामाची हद्द ठरते, आणि दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही हा नियम मुलं फार लवकर उचलतात. पुसायचं फडकं आणि छोटा झाडू मुलाला स्वतः घेता येईल असा ठेवा. सांडणार आहेच, तेव्हा पुसायची सोय सांडायच्या आधी हवी.

तिसरी पायरी : साहित्य जमवा

चांगल्या साहित्याच्या दोन खुणा ओळखता आल्या की विकत घ्यायचं की घरी करायचं हा प्रश्न मागे पडतो.

पहिली खूण म्हणजे एका वेळी एकच अडचण. माँटेसरी साहित्यातल्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. रंग एक, लाकूड एक, आकार एक. बदलतं फक्त माप. त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष लहान-मोठेपणावर जातं. त्याच ठोकळ्यांना दहा रंग दिले असते तर मूल रंगातच अडकलं असतं.

दुसरी खूण म्हणजे चूक साहित्यानेच दाखवली पाहिजे. दट्ट्यांच्या पेटीत वेगवेगळ्या मापांची दहा भोकं आणि त्यांत नेमके बसणारे दहा लाकडी दट्टे असतात. एक जरी चुकीच्या भोकात गेला, तरी शेवटी एक दट्टा आणि न जुळणारं एक भोक उरतं. ‘चुकलं’ म्हणायला कुणी लागत नाही. मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघून बरोबर-चूक ठरवायची सवय मुलाला लागली की ती सुटायला फार दिवस लागतात; म्हणून ही दुसरी खूण मला पहिलीपेक्षाही मोलाची वाटते.

या दोन खुणा सांभाळल्या तर घरी पुष्कळ होतं. झाकणांसह डबे. बटणं लावायला जुना सदरा. आतलं न दिसणाऱ्या पिशवीत हात घालून ओळखायच्या वस्तू. दोन-दोन जुळणाऱ्या आवाजांच्या बंद डब्या. एका वाटीतून दुसरीत चमच्याने कोरडं धान्य घालणं. झाडांना पाणी, टेबल पुसणं, मोजे जुळवणं, मऊ फळ बोथट सुरीने कापणं ही कामं खेळण्यातल्या नकली वस्तूंनी नव्हे, तर मुलाच्या हाताच्या मापाच्या खऱ्या वस्तूंनी होऊ द्या. साहित्य परवडत नाही म्हणून पद्धत सोडायला नको, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या कामात दाखवूनच दिलं आहे. शिंपले, खडे, पानं, बिया, काड्या यांच्यातून त्यांनी मोजणं, वर्गवारी, स्पर्श सगळं उभं केलं.

सुरक्षिततेबद्दल मात्र घासाघीस नको. तीन वर्षांखालचं मूल आसपास असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारी कुठलीही वस्तू खाली ठेवू नका. ती घशात अडकू शकते. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटे ताकदवान लोहचुंबक कुठल्याही वयाच्या मुलांच्या साहित्यात नकोत. गिळलेली बॅटरी दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकते, आणि दोन चुंबक पोटात आतड्याला चिमटीत धरतात. पाण्याचं काम असेल तेव्हा मोठं माणूस खोलीतच असलं पाहिजे.

चौथी पायरी : दाखवा, पण एकदा आणि हळू

पाणी ओतण्याचं काम घेऊ. एका ट्रेमध्ये दोन सारख्या छोट्या किटल्या, उजवीकडच्या किटलीत अर्ध्यापर्यंत पाणी, आणि एक स्पंज. मुलाला बोलवा : ‘चल, तुला एक दाखवते.’ ट्रे कुठून घ्यायचा, कसा धरायचा, हेही दाखवण्याचाच भाग आहे. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात तर त्याला सगळं उलटं दिसतं.

आता हात बोलू दे, तोंड बंद. दांडा धरा. थांबा. किटली उचला. तोटी दुसऱ्या किटलीच्या मधोमध आणा. थांबा. ओता. शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघा. ठेवा. ट्रेमध्ये एखादा थेंब पडला असेल तर स्पंजाने टिपा, मुलाला दिसेल असा. मग किटल्यांची जागा बदला आणि म्हणा, ‘आता तू.’ आणि उठा.

हात चालू असताना बोलायचं नाही, आणि बोलायचंच असेल तर हात थांबवून. एवढा एक नियम पाळलात तरी तुमचं दाखवणं दुप्पट कामाचं होईल. या वयात मूल तुमच्या तोंडाकडे बघेल नाहीतर हाताकडे. दोन्हीकडे एकदम बघणं त्याला जमत नाही.

तुमचा दाखवण्याचा वेग तुम्हाला अवघडल्यासारखा वाटेल इतका कमी ठेवा. आदल्या दिवशी एकट्याने सराव करा. आपण बटण कसं लावतो हे आपल्याला खरोखरच ठाऊक नसतं. सराव करताना कळतं की त्यात पाच-सहा वेगळ्या हालचाली आहेत, आणि मूल त्यातल्या नेमक्या एकीवर अडत असतं.

इथे एक फरक करायला हवा. पाणी ओतणं, बटण लावणं, कात्री धरणं अशा कामांना एक नेटकी रीत असते, ती दाखवावी. पण माती, वाळू, साधे ठोकळे, रंग यांना एकच रीत नसते; तिथे काहीही दाखवू नका. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११चा प्रयोग याच मुद्द्याचा आहे. चार छुप्या करामती असलेलं एक खेळणं मुलांना दिलं. ज्या मुलांना मोठ्या माणसाने ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून एक करामत शिकवली, ती मुलं तिच्यातच राहिली आणि लवकर थांबली. ज्यांच्यासमोर तीच करामत सहज, चुकून घडल्यासारखी झाली, त्यांनी जास्त धुंडाळलं आणि जास्त करामती शोधल्या. ‘शिकवणाऱ्याने एकच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार’ असा अंदाज मुलं बांधतात, आणि तो शहाणपणाचाच आहे. म्हणून मुलासमोर मातीचा हत्ती करून दाखवण्याआधी दहा वेळा विचार करा.

नावं शिकवायची असतील तर तीन टप्प्यांचा जुना पाठ अजूनही सरस आहे. माँटेसरींनी तो एदुआर सेगें या फ्रेंच डॉक्टरांच्या कामातून घेतला. दोन कागद घ्या, एक खरखरीत, एक गुळगुळीत. आधी स्पर्श करवून नाव सांगा : ‘हा खरखरीत. हा गुळगुळीत.’ मग ओळखायला लावा : ‘खरखरीत कुठला, मला दे बरं.’ हा दुसरा टप्पा लांबवा, त्यातच गंमत असते : खरखरीत डोक्यावर ठेव, गुळगुळीत पाठीमागे लपव. शेवटी एकाला हात लावून विचारा : ‘हा कसा?’ दुसऱ्या टप्प्यात मूल चुकलं तर दुरुस्त करू नका. आवरा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घ्या.

पाचवी पायरी : हात मागे घ्या

सगळ्यात अवघड पायरी हीच. मूल ओततंय, पाणी सांडायच्या बेतात आहे, आणि तुमचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या. सांडू दे. स्पंज तिथेच आहे.

माँटेसरींनी लिहून ठेवलेला एक प्रसंग प्रत्येक नव्या ताईने वाचायला हवा. तीन वर्षांच्या आसपासची एक मुलगी दट्ट्यांच्या पेटीशी बसली होती. काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. माँटेसरींनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली. ती हलली नाही. तिच्यासह खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तिने दट्टे मांडीवर सावरून धरले आणि काम पुढे चालू. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं, मग आपणहून थांबली आणि ताजीतवानी होऊन इकडेतिकडे बघायला लागली. अशी तंद्री लागलेलं मूल दिसलं की त्याला कौतुकानेसुद्धा हात लावू नये. ‘वा, किती छान!’ हा शब्दही तिथे अडथळाच असतो.

मग मध्ये पडायचं कधी? मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा. साहित्य मोडत असेल तेव्हा. मूल स्वतः मदत मागेल तेव्हा, आणि तेव्हाही अडलं असेल तेवढीच मदत : चेन अडकली असेल तर खालचं टोक बसवून द्या, वर त्याला ओढू द्या. आणि मूल काहीच न निवडता भटकत असेल, इतरांच्या कामात लुडबुड करत असेल तेव्हा त्याला दोन पर्याय द्या : ‘टेबल धुतोस की डबे लावतोस?’ ‘काय करायचंय तुला?’ हा प्रश्न अशा वेळी मुलाला आणखी गोंधळात टाकतो. साहित्य फेकलं तर आवाज न चढवता सांगा, ‘हे फेकायचं नाही. फेकायला चेंडू तिकडे आहे,’ आणि तो ट्रे त्या दिवसापुरता उचलून ठेवा.

बक्षिसांचं काय? स्टार, चॉकलेट, शिक्के? माझं स्पष्ट मत आहे, देऊ नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. आठवडा-दोन आठवड्यांनी तेच रंग वर्गात सहज ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी चित्र काढलेल्या मुलांनी त्यांत इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवला. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं होतं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली. आनंद व्यक्त करू नका असं नाही. मूल चित्र दाखवायला आलं तर जे दिसतं ते बोला : ‘इथे निळा फार दाट लावलास.’ ‘सगळी बटणं तू एकट्याने लावलीस.’ मूल स्वतःच पुढे बोलायला लागतं.

सहावी पायरी : सलग वेळ

माँटेसरी वर्गात सलग तीन तासांचा कामाचा वेळ ठेवतात. घरी पाऊण तासापासून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. त्या वेळात फोन नाही, पाहुणे नाहीत, ‘चला आता गोष्ट’ नाही.

साधारण तासाभराने वर्गात गलका वाढतो, मुलं उठतात, चुळबुळ करतात. नव्या ताई इथेच घाबरून सगळ्यांना आवरायला लावतात. थांबा. मुलं दमलेली नसतात, ती पुढच्या मोठ्या कामाआधी जरा मोकळी होत असतात. दहा-पंधरा मिनिटं शांत राहिलात तर सकाळचं सगळ्यात खोल काम त्याच्यानंतर बघायला मिळतं.

काम झालं की ते जागेवर ठेवणं हा कामाचाच शेवट. सुरुवातीला बरोबरीने ठेवा. वर्ग असेल तर तीन, चार, पाच वर्षांची मुलं एकत्र ठेवा. लहानं मोठ्यांना बघून शिकतात आणि मोठी लहानांना दाखवताना पक्की होतात.

अक्षरं आणि अंक

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून स्वतंत्र लिहिते. घाई करू नका, पण अडवूही नका.

अक्षराआधी ध्वनी. ‘मला ‘म’ने सुरू होणारी एक वस्तू दिसतेय,’ हा खेळ येता-जाता खेळा. तो जमायला लागला की पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. मूल दोन बोटांनी, लिहायच्या दिशेने, त्यावरून हात फिरवतं आणि ध्वनी म्हणतं. एका वेळी दोन-तीनच अक्षरं घ्या, दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून लांबची. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ एकाच दिवशी आणले तर गोंधळ ठरलेला. लिहिण्याच्या वळणासाठी सारख्या आकाराची अक्षरं एकत्र घ्यायची रूढ रीत चांगली आहे, पण ती नंतर, अक्षरं ओळखीची झाल्यावर.

ठिपक्यांवरून गिरवायचे कागद टाळा. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने मोकळी काढायला, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही कळ दाबून टाइप करायला दिली. नंतर मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा वाचनाशी जोडलेले भाग मोकळेपणी काढलेल्या अक्षरांना जास्त जागे झालेले दिसले. म्हणून हात फिरवून झालं की वाळूच्या ट्रेमध्ये किंवा पाटीवर आठवून काढू द्या. वेडंवाकडं येईल. ते वेडंवाकडं अक्षर स्वतः घडवतानाच शिकणं होत असतं.

अंकांत आधी राशी, म्हणजे किती ते हाताला कळणं, मग चिन्ह. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या दहा पट्ट्या पुठ्ठ्याच्या करा, दर दहा सेंटिमीटरला लाल-निळा रंग आलटून पालटून. ‘सात’ ही एक लांब, जड, हातात धरता येणारी गोष्ट झाली की मग ७ हे चिन्ह दाखवा. प्रत्येक अंकाच्या खणात तेवढ्या काड्या ठेवायच्या असतात; शून्य शिकवायला त्यांत एक खण रिकामा ठेवा.

‘पण याने खरंच काही होतं का?’

घरचे विचारतील, पालक विचारतील. उत्तर प्रामाणिक द्या. अमेरिकेत हार्टफर्डला प्रवेशाच्या सोडतीचा आधार घेऊन अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी १४१ मुलांचा तीन वर्षं अभ्यास केला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. सोडतीत नाव लागून माँटेसरी वर्गात गेलेली मुलं अभ्यासात पुढे गेली, आणि गरीब व सुस्थितीतल्या मुलांमधलं अंतर कमी झालं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या २४ सार्वजनिक शाळांच्या आणि ५८८ मुलांच्या अभ्यासात वाचन, स्मरण, स्वतःवरचा ताबा आणि दुसऱ्याचं मन ओळखणं यांत फायदा दिसला. पण तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. पहिल्या दोन वर्षांत ठळक फरक नव्हता. फ्रान्समध्ये सरकारी बालवर्गांतल्या २०२१च्या अभ्यासात वाचन सुधारलं, पण गणितात आणि सामाजिक कौशल्यांत फरक आढळला नाही. म्हणजे फळ मिळतं, पण सगळीकडे सारखं नाही आणि लगेच तर नाहीच.

आणखी एक निष्कर्ष कामाचा आहे. लिलार्ड यांनी २०१२ साली मूळ पद्धत काटेकोर पाळणारे वर्ग, तिच्यात सरावपत्रिका आणि इतर खेळणी मिसळलेले वर्ग आणि नेहमीचे वर्ग यांची तुलना केली. मूळ पद्धतीच्या वर्गातल्या मुलांची प्रगती सगळ्यात जास्त होती. भेसळ केलेले वर्ग मागे राहिले. पालकांच्या आग्रहाखातर ‘थोडे वर्कशीट्सही देऊ’ असं वाटेल तेव्हा हे आठवा.

पालकांना वेळोवेळी तुमची वही वाचून दाखवा. ‘अक्षरं किती आली?’ विचारणारी आई जेव्हा ऐकते की तिच्या मुलाने आज पंचवीस मिनिटं न उठता टेबल धुतलं, पाणी कमी पडल्यावर आपणहून आणलं आणि शेवटी फडकं पिळून वाळत घातलं, तेव्हा तिचे पुढचे प्रश्न बदलतात.

महिन्याने शेल्फ नव्याने बघा

आता पुन्हा वही उघडा आणि प्रत्येक ट्रेला किती हात लागला ते पाहा. दोन आठवडे कुणी शिवलं नसेल तर आधी तो ट्रे स्वतः तपासा : स्पंज वाळून कडक झालाय का, एखादा तुकडा हरवलाय का, फार जड आहे का. सगळं ठीक असेल तर पुन्हा एकदा दाखवा. तरीही नाही, तर उचलून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी परत आणा. जे काम मूल आता न बघता करतं, ते एक पाऊल अवघड करा : धान्याच्या जागी पाणी, दोन सारख्या किटल्यांच्या जागी एक किटली आणि खुणेपर्यंत भरायचे तीन पेले, मोठ्या बटणांच्या जागी लहान. एका वेळी एक-दोनच ट्रे बदला. बाकीचे जिथे होते तिथेच राहू द्या, म्हणजे सकाळी आल्यावर मुलाला आपली जागा ओळखीची वाटते आणि नवं काय आलंय ते त्याचं त्याला सापडतं.